नाव पुकारल्यावर

मे महिन्यातला मंगळवार होता. बेथेस्डाला एनआयएच या अमेरिकी सरकारच्या आरोग्य-संशोधन संस्थेच्या आवारात नॅचर बिल्डिंग म्हणून एक मोठी इमारत आहे, तिथल्या सभागृहात मी व्याख्यान ऐकत बसले होते. मांडीवरचा फोन थरथरला. लेकीच्या शाळेचा नंबर. बाहेर येऊन घेतला तर नर्स बोलत होती, ताप १०१ च्या वर आहे, घेऊन जा. मी तशीच निघाले. पण आमचं घर टाकोमाला आणि मेट्रोची रेड लाइन इंग्रजी यू अक्षरासारखी. एका टोकाकडून वॉशिंग्टन शहरात उतरायचं, पूर्ण शहर ओलांडायचं आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा वर चढायचं. शाळेत पोचायला मला तासाहून जास्त वेळ लागला. लेक नर्सच्या खोलीतल्या अरुंद खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. कपाळ तव्यासारखं तापलेलं. मला बघून ती रडायला लागली, आणि हुंदक्यांतून पहिलं वाक्य काय आलं, तर "आई, आता माझं सर्टिफिकेट जाणार."

सकाळी मला संशय आला होता. डोळे जड दिसत होते म्हणून मी थर्मामीटर तोंडात दिला, तर ताप नाहीच. गाडीत बसल्यावर तिनं कबूल केलं, की मी थर्मामीटर आणायला आत वळले तेवढ्यात तिनं फ्रिजमधलं गार पाणी घटाघटा प्यायलं होतं. नऊ वर्षांचं पोर. ऑगस्टपासून एकही दिवस बुडवला नव्हता, आणि वर्ष संपायला जेमतेम महिना राहिला होता. गेल्या वर्षीचं पूर्ण हजेरीचं प्रमाणपत्र आमच्या फ्रिजच्या दारावर लावलेलं आहे. ज्या दारातून तिनं ती बाटली काढली, त्याच दारावर. ते मीच लावलं होतं. त्याचा फोटो काढून मी साताऱ्यापासून सिडनीपर्यंत सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता.

ताप उतरल्यावर पुरते चोवीस तास गेल्याशिवाय इकडे मुलांना शाळेत घेत नाहीत. म्हणजे पुढचे दोन दिवस गेलेच. ते दोन दिवस मी तिच्या उशाशी बसून काढले. आणि का कोण जाणे, डोक्यात सारखं त्या इमारतीवरचं नाव घोळत राहिलं.

विल्यम नॅचर.

नऊ वर्षं मी त्या नावाखालून ये-जा केली. "नॅचरला भेटू", "नॅचरमध्ये पोस्टर लावलंय" असं दिवसातून दहादा म्हटलं असेल. हा माणूस केंटकीतल्या बोलिंग ग्रीनचा, चाळीस वर्षं अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात होता, एवढं कानावर होतं. तो हजेरीसाठी प्रसिद्ध होता, हेही कधीतरी ऐकलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि तापलेल्या पोरीच्या उशाशी बसून वाचणं वेगळं. जानेवारी १९५४ मध्ये त्यांनी शपथ घेतली. तेव्हापासून मार्च १९९४ पर्यंत सभागृहात मतदानासाठी किंवा गणसंख्येसाठी जितक्या वेळा नावं पुकारली गेली, तितक्या वेळा ते तिथं होते. आकडा आहे १८,४०१. सलग. मध्ये एकही खाडा नाही. आयसेनहॉवरपासून क्लिंटनपर्यंत नऊ राष्ट्राध्यक्ष झाले. मधल्या काळात केनेडींचा खून झाला, व्हिएतनाम झालं, वॉटरगेट झालं. आणि या सगळ्यात हा गृहस्थ घंटा वाजली की उठून सभागृहाकडे चालू लागायचा.

ती घंटा तिथं खरोखर वाजते. कॅपिटॉलमध्ये, म्हणजे संसदेच्या इमारतीत, आणि आजूबाजूच्या कार्यालयांच्या इमारतींत मतदानाच्या वेळी घंटा होतात, घड्याळांवर छोटे दिवे लागतात. पूर्वी कारकून एकेक नाव मोठ्यानं वाचायचा आणि सदस्य जागेवरून उत्तर द्यायचा. चारशेपस्तीस नावं, म्हणजे अर्धा-पाऊण तास त्यातच जायचा. १९७३ मध्ये विजेची यंत्रणा आली, तेव्हापासून कार्ड सरकवून बटण दाबायचं आणि साधारण पंधरा मिनिटांत मतदान उरकायचं. बटणं तीन. होय, नाही, आणि तिसरं म्हणजे हजर. बाजूनं नाही, विरुद्ध नाही, मी इथं आहे एवढंच सांगणारं मत. हे वाचलं आणि मी थबकलेच. चौथीतल्या वर्गात बसून आपण जे ओरडायचो, ते जगातल्या एवढ्या बलाढ्य सभागृहात अजून मत म्हणून मोजलं जातं.

माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, कोरेगाव तालुक्यातल्या एका लहान गावात. चौथीला मी त्यांच्याच वर्गात होते. शाळेत त्यांना बाबा म्हणायचं नाही, गुरुजी म्हणायचं, हे घरून निघतानाच ठरलेलं असे. प्रार्थना झाली की ते खुर्चीवर बसायचे, हजेरीपट उघडायचे, चष्मा नाकावर खाली घ्यायचे आणि नावं पुकारायचे. संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. माझ्या नावापुढे त्यांचंच नाव यायचं, तेही ते इतरांसारखंच सपाट आवाजात वाचायचे, आणि मी उभी राहून "हजर, गुरुजी" म्हणायची. तो पट, त्याची कापडी बांधणी, आत येणारा जुन्या कागदाचा आणि खडूचा मिसळलेला वास, रेघांच्या चौकटीत भरत जाणारे दिवस, हे सगळं मला आजही हाताशी असल्यासारखं आठवतं. गैरहजर मुलासाठी लाल शाईचं वेगळं पेन असे. त्यानं बारीक "गै" लिहायचं.

बाबांचा स्वतःचा खाडा असा नसेच. किरकोळ रजा दरवर्षी तशाच वाया जायच्या. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं तर पायजमा गुडघ्यावर घेऊन, चपला हातात धरून ते पलीकडे जायचे आणि ओल्या अंगानं घंटेआधी शाळेत असायचे. मला टायफॉइड झाला होता त्या वर्षी आईनं एकटीनं मला एसटीनं साताऱ्याला नेलं. बाबा शाळा सुटल्यावर मागच्या गाडीनं आले. दवाखान्याच्या दारात ते उभे राहिले तेव्हा शर्टाच्या बाहीला खडू लागलेला होता. आई त्यांच्याशी काही बोलली नाही. त्यांच्या हातात औषधांची चिठ्ठी दिली आणि माझ्या डोक्यावरची पट्टी बदलत राहिली. आईचं ते गप्प राहणं मला तेव्हा कळलं नव्हतं. परवा नर्सच्या खोलीत, एक तास उशिरा पोचल्यावर, थोडंसं कळलं.

नॅचर यांच्याबद्दल वाचताना मला बाबा दिसत राहिले याला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे पैशाच्या बाबतीतला त्यांचा काटेकोरपणा. चाळीस वर्षांत त्यांनी निवडणुकीसाठी कुणाकडून एक डॉलर घेतला नाही. खर्च स्वतःच्या खिशातून, आणि तोही काही हजारांतच. इतर उमेदवार लाखांच्या भाषेत बोलत असताना हा माणूस स्वतःची गाडी स्वतः चालवत मतदारसंघात फिरायचा. कचेरीत माणसं मोजकी. वर्तमानपत्रांना सांभाळणारा खास माणूस ठेवलेला नाही. रोज रोजनिशी लिहायची. शाळेच्या खडूचा तुकडा घरी आणला म्हणून माझ्या भावाला परत पाठवणारे बाबा मला या माणसाच्या शेजारी सहज बसलेले दिसतात.

इथंच थांबले असते तर सरळ आदराची गोष्ट झाली असती, आणि माझा आदर खरा आहे. पण मी टाकोमाला राहते, आणि टाकोमाला राहून नॅचर यांची गोष्ट एवढ्यावर थांबवता येत नाही.

आमच्या घरापासून थोडं चालत गेलं की वॉशिंग्टन शहराची हद्द लागते. त्या शहरातल्या लोकांना तेव्हाही काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, मत असलेला प्रतिनिधी नव्हता आणि आजही नाही. त्यांच्या शहराचं अंदाजपत्रक मात्र काँग्रेसच्या हाती. साठच्या दशकात ते ज्या उपसमितीकडे होतं, तिचे अध्यक्ष होते नॅचर. शहरातून, वस्त्या कापत जाणारे मोठे महामार्ग व्हावेत आणि पोटोमॅक नदीवर थ्री सिस्टर्स नावाचा पूल व्हावा, असं काँग्रेसचं म्हणणं होतं. लोकांना मेट्रो हवी होती. महामार्ग झाल्याशिवाय मेट्रोला पैसा सोडणार नाही, असं म्हणून नॅचर यांनी तो वर्षानुवर्षं अडवून धरला. कायद्यानं जे सांगितलंय तेच मी करतोय, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. पण शहरातल्या ब्रूकलंड वस्तीत त्या रस्त्यासाठी घरं ताब्यात घेतली जात होती. आराखड्यातल्या रेघा आमच्या टाकोमाच्या अंगणांवरून गेल्या होत्या. आणि गोऱ्या माणसांचे रस्ते काळ्या माणसांच्या घरांवरून नेताय, असे फलक घेऊन लोक रस्त्यावर उतरले होते. आमच्या शेजारच्या आजी तेव्हा तरुण होत्या. सभांना जायला मुलांना कडेवर घेऊन जायचे, असं त्या सांगतात. त्यांना नॅचर हे नाव ठाऊक आहे, पण इमारतीचं म्हणून नव्हे. मी तिथं काम करते हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा क्षणभर बंद झाला होता. मला तेव्हा कारण कळलं नव्हतं.

डिसेंबर १९७१ मध्ये सभागृहानंच नॅचर यांना बाजूला सारून मेट्रोचा पैसा मोकळा केला. मी मुद्दाम विचार करून बघितलं. त्या दिवशीही ते हजर असणारच. सहकारी आपल्याविरुद्ध मत देताहेत, एवढ्या वर्षांचा हट्ट मोडून पडतोय, आणि तरी जागेवरून उठायचं नाही. अशा दिवसाला बुट्टी मारणं किती सोपं असतं! पण याच गोष्टीची दुसरी बाजू मला छळते. ज्या शहराबद्दल ते ठरवत होते, त्या शहरातल्या कुणाचंच नाव त्या सभागृहात पुकारलं जात नव्हतं. १८,४०१ पैकी कितीतरी मतं या शहराबद्दलची असतील. त्या प्रत्येक वेळी बोलिंग ग्रीनचा माणूस हजर होता आणि ब्रूकलंडचा माणूस नव्हता. गैरहजर होता असंही म्हणता येत नाही, कारण पटावर त्याचं नावच नव्हतं.

तो पूल कधीच झाला नाही. जॉर्जटाउनच्या बाजूनं नदीकाठानं चालत वर गेलं की पाण्यात तीन खडक दिसतात, त्याच त्या तीन बहिणी. नदी ओलांडताना बुडालेल्या तीन बहिणींनी मरताना शाप दिला, की आम्हाला इथून जाता आलं नाही, तर कुणालाच जाता येणार नाही, अशी दंतकथा आहे. पुलाचं काम सुरू झालं होतं, पण १९७२ च्या जूनमध्ये अ‍ॅग्नेस वादळाचा पूर आला आणि बांधकामाचा सांगाडा वाहून गेला. त्या खडकांवर काळे पाणकावळे पंख पसरून उन्हाला बसलेले असतात. आम्ही कधी कधी रविवारी तिकडे जातो.

आणि तरी, ज्या इमारतीवर त्यांचं नाव आहे ती काही उगीच नाही. १९७९ पासून आरोग्य आणि शिक्षणाच्या खर्चाची उपसमिती त्यांच्याकडे आली. तेव्हा एनआयएचचं अंदाजपत्रक सुमारे ३ अब्ज डॉलर होतं, १९९४ मध्ये ते ११ अब्जांच्या जवळ पोचलं होतं. मुलांना शिकवा आणि लोकांची प्रकृती सांभाळा म्हणजे देश बळकट होतो, हे एकच म्हणणं ते वर्षानुवर्षं मांडत राहिले. मी ज्या पैशावर संशोधन करते, माझ्यासारखे पुण्या-मुंबईहून आलेले कितीतरी जण इथल्या प्रयोगशाळांमध्ये रात्री-अपरात्री ज्या पैशावर पेशी वाढवत बसतात, त्याची वाट या माणसानं रुंद केली. मी घरून कामाला येते ती त्यांनी अडवलेल्या मेट्रोनं, आणि उतरते ती त्यांनी उभ्या केलेल्या दारात. मेडिकल सेंटर स्टेशनच्या त्या लांबलचक सरकत्या जिन्यावर उभी असताना आता मला हे दोन्ही एकदम आठवतं. कशाचं पारडं जड आहे ते मला ठरवता येत नाही, आणि ठरवावंसंही वाटत नाही.

पण मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. नवीन निवडून आलेल्या सदस्यांना नॅचर सांगायचे, की सुरुवातीलाच एखादं मत चुकवून टाका. म्हणजे हे ओझं मानेवर बसणार नाही.

हे वाचून मी लॅपटॉप मिटला. लेक झोपली होती. कपाळावर घाम आला होता, ताप उतरत होता. हे सांगणारा माणूस स्वतः तेव्हा हजारोंच्या घरात पोचलेला होता, त्याला स्वतःला ते सोडता येत नव्हतं. पहिल्या हजार वेळा माणूस कर्तव्य म्हणून जात असेल. पाच हजारांनंतर सवय म्हणून. पण पुढे कधीतरी, कुठल्याशा साध्या दुपारी, तो त्या आकड्यासाठीच उठून जाऊ लागतो. तो दिवस कुठला, हे त्याला स्वतःला तरी कळत असेल का? बाबांना कळला असेल? माझ्या लेकीचा तो दिवस मात्र मला ठाऊक आहे. मी फ्रिजवर प्रमाणपत्र लावलं, तो.

मार्च १९९४. वय ८४. हृदय थकलेलं. ते होते बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात, आमच्या आवाराच्या बरोबर समोर, मधे फक्त हमरस्ता. तिथून त्यांना रुग्णवाहिकेनं कॅपिटॉलला नेलं. नाकाला प्राणवायूची नळी, हाताला सलाईन, आणि चाकांच्या स्ट्रेचरवरून थेट सभागृहात. तिथं त्यांनी मतं दिली. मतं कामकाजाची, किरकोळ, त्यांच्यावाचून निकाल बदलला नसता अशी. मी त्या रस्त्यानं रोज जाते. सकाळच्या गर्दीत तिथं सिग्नलला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. प्रत्येक खड्ड्याला ती खाट हादरली असेल. कुणी म्हणेल केवढी ही निष्ठा, आणि कुणी म्हणेल त्या माणसाला कुणीतरी थांबवायला हवं होतं. माझ्या मनात दोन्ही येतं. गार पाणी पिऊन थर्मामीटरला फसवणारी लेक मला त्या स्ट्रेचरवर दिसते, आणि ओढ्यातून चपला हातात धरून चाललेले बाबाही.

३ मार्चला त्यांना जाता आलं नाही. २९ मार्चला ते गेले.

सभागृहात अध्यक्षांच्या आसनामागच्या भिंतीवर, मतदान सुरू झालं की सगळ्या सदस्यांची नावं उमटतात. ज्यानं मत दिलं त्याच्या नावापुढे हिरवा, लाल किंवा पिवळा दिवा लागतो. त्या ३ तारखेला भिंतीवर नॅचर हे नाव नेहमीसारखं उमटलं असेल आणि पुढची जागा काळी राहिली असेल. मिनिटं संपली असतील आणि भिंत पुन्हा कोरी झाली असेल. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. आणि रस्त्यापलीकडच्या खोलीत पडलेल्या माणसाला वाईट वाटलं, की मानेवरून काही उतरल्यासारखं झालं, याचा मी फार विचार केला.

गुरुवारी रात्री मी बाबांना फोन लावला. तिकडे सकाळ, त्यांचा चहा झाला होता. आता ऐंशी पार केलीय, कानाला कमी ऐकू येतं, म्हणून आवाज चढवून बोलावं लागतं. मी लेकीचं सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. मग बरीच वर्षं मनात असलेलं मी विचारून टाकलं. टायफॉइडच्या वेळी मी महिनाभर घरी होते, तुम्हाला माहीतच होतं मी येणार नाही. मग हजेरीत माझं नाव सोडून पुढे जायचात का?

"सोडून कसं जाईन? पुकारायचोच."

"घरात बघून आलेले असायचात ना तुम्ही?"

"तरी पुकारायचं. थोडं थांबायचं. पोरं सगळी दाराकडं बघायची." ते गप्प झाले. मग म्हणाले, "गै लिहायचं जिवावर यायचं हो. पण नाव घेतल्याशिवाय कसं लिहिणार?"

लेक माझ्या खांद्याला टेकून ऐकत होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलायला लाजते. तिनं फोन ओढून घेतला आणि म्हणाली, आजोबा, माझं घ्या ना. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आणि मग तो आवाज, सपाट, स्वच्छ, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनाव. लेक उठून बसली, माझ्याकडे बघून म्हणाली, "हजर."

मला वाटलं, आता फोन ठेवतील. पण बाबा थांबले नाहीत. पुढचं नाव आलं. मग त्याच्या पुढचं. आमच्या चौथीच्या वर्गातली नावं होती ती, पटावरच्या क्रमानं, जवळपास चाळीस वर्षांपूर्वीची. प्रत्येक नावानंतर ते थोडं थांबत होते. त्यातली दोन मुलं आता नाहीत, एक दुबईला आहे, एकीची नात माझ्या लेकीएवढी आहे. लेक पुन्हा आडवी झाली, डोळे मिटले. मी फोन उशीजवळ ठेवला आणि ऐकत राहिले, कारण क्रमानं माझं नाव अजून यायचं होतं.